कॉम्प्युटरमधला अधूनमधून येणारा आवाज कसा शोधायचा

कॅबिनेट उघडण्याआधी आवाज नेमका कधी येतो ते टिपून घ्या. डिसेंबरातल्या पुण्याच्या सकाळी मशीन लावल्यावर घरघर आणि दहा मिनिटांत गायब? बहुधा पंख्याचं बेअरिंग. थंडीत वंगण घट्ट होतं, तापलं की सैल पडतं. गेम खेळतानाच बारीक शिट्टी येत असेल तर ती बहुतेक ग्राफिक्स कार्डातल्या कॉइलची. कानाला त्रास, मशीनला धोका नाही.

फाइल उघडताना ‘टक्... टक्’ होऊन मशीन अडकत असेल, तर शोध राहू दे. हार्ड डिस्क जायच्या बेतात आहे, आधी बॅकअप घ्या.

आता बाजूचं झाकण काढा. वहीच्या कागदाची सुरळी करून एक टोक कानाला, दुसरं एकेका पंख्याजवळ धरा. संशय आला त्याच्या मधल्या गोल भागावर बोट हलकेच टेकवून तो दोन सेकंद थांबवा. आवाज बंद, म्हणजे चोर सापडला. पात्यांना हात नको. पॉवर सप्लायचा पंखा मात्र असा तपासू नका, आणि तो डबा उघडूही नका: प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, चार्ज धरून असतात.

पुष्कळदा निघते ती पात्यांना घासणारी एखादी केबल. प्लग काढून झिप-टायने बांधली की झालं. पंखाच बदलायचा असेल तर तो १२० मिलिमीटरचा की ८०चा, पिना तीन की चार, हे बघूनच तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, जा. तोवर बेअरिंगमध्ये शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब चालेल. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं.