मेंबरशिप साइटवर एकच वार्षिक प्लॅन नको: मुदती कशा लावायच्या

मी ऑनलाइन हार्मोनियम शिकवतो, वर्डप्रेसवर साइट आहे, मेंबरशिप सांभाळायला पेड मेंबरशिप्स प्रो हे प्लगइन (साइटला जोडायचं तयार सॉफ्टवेअर) वापरतो. सुरुवातीला फक्त वर्षाचा प्लॅन होता आणि लोक विचारायचे, सर, गणपतीपुरतं आरत्या वाजवायला शिकायचंय, वर्षाचे पैसे कशाला भरू? बरोबरच होतं त्यांचं. म्हणून आधी कागदावर लिहून काढा की तुमच्याकडे माणूस कशासाठी आणि किती दिवसांसाठी येतो, प्लगइन नंतर उघडा. माझ्याकडे आरतीवाल्यांना १ महिना पुरतो, परीक्षावाल्यांना ६ महिने लागतात आणि हौसेने शिकणारे वर्षभर राहतात, झाल्या तीन मुदती. पाच-सहा ठेवल्यात तर लोक नुसते बघत बसतात आणि न घेताच जातात, हा अनुभव.

भाव: महिना ३००, सहा महिने १४५०, वर्ष २४००. म्हणजे आठ महिन्यांच्या पैशात बारा महिने, हे असंच लिहा पानावर, टक्क्यांपेक्षा पटकन कळतं.

आता प्लगइनमध्ये प्रत्येक मुदतीची वेगळी लेव्हल (म्हणजे मेंबरशिपचा प्रकार) करायची आणि तिला एक्सपायरी द्यायची. महिन्याच्या लेव्हलला '१ महिना' न लिहिता '३० दिवस' लिहा, कारण पीएचपीमध्ये (वर्डप्रेस ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलंय तिच्यात) ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की साधा हिशोब ३ मार्च दाखवतो (लीप वर्षात २ मार्च), फेब्रुवारी गायबच.

आणि इथे मी आपटलो ते सांगतो. त्याच लेव्हलला मुदतीआधी रिन्यू केलं तर उरलेले दिवस पुढे जोडले जातात, पण महिन्यावरून वर्षावर उडी मारली की लेव्हल बदलते आणि जुने दिवस जातात. एका काकूंचा फोन, "अरे, माझे बारा दिवस शिल्लक होते, ते कुठे गेले?" मी म्हटलं बघतो, आणि खरंच गेले होते. तेव्हापासून कोणी अपग्रेड केलं की शिल्लक दिवस मोजून हाताने एक्सपायरीची तारीख पुढे ढकलतो, दोन मिनिटांचं काम आहे, पण मेंबर वाढले की कोडच लिहून घ्या.

ऑटोपे, म्हणजे दर मुदतीला पैसे आपोआप कटणं, ठेवायचं का? ठेवा, पण सक्तीचं नको. यूपीआय ऑटोपेत पैसे कटायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते आणि आपल्यासारख्यांसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही, तरी 'आपोआप कटणार' म्हटलं की आपली माणसं बिचकतात. माझ्याकडे एकदाच पैसे भरायचा पर्याय वर आणि ऑटोपे खाली आहे, संपायच्या ७ दिवस आधी आणि आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप. हप्ता फेल झाला तर लगेच लॉक करू नका, तीन दिवस द्या, बऱ्याचदा खात्यात नुसता बॅलन्स नसतो.

परदेशातले मेंबर असतील तर साइटचा टाइमझोनही बघा. आपल्याकडे रात्री १२ ला मुदत संपली तेव्हा उन्हाळ्यात न्यू जर्सीत दुपारचे अडीच वाजलेले असतात, म्हणजे तिकडच्या माणसाचा शेवटच्या दिवशीचा संध्याकाळचा रियाज बुडाला. मी सरळ सगळ्यांनाच एक दिवस जास्त देतो.