संमोहन उपचाराची पहिली दोन-तीन सेशन : तंत्र निवडताना या चुका टाळा

जळगावात नवीन नवीन प्रॅक्टिस सुरू केली तेव्हाची गोष्ट. रावेरकडचे एक केळीवाले शेतकरी आले होते. वय पन्नाशीचं, झोप लागत नाही ही तक्रार. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि कोर्समध्ये मिळालेली स्क्रिप्ट सुरू केली. समुद्रकिनारा, पायाखाली मऊ वाळू, लाटांचा आवाज. तिसऱ्या लाटेला त्यांनी डोळे उघडले. "सर, समुद्र आपण पाह्यलाच नाही. टीव्हीवर पाह्यला तेवढाच."

मी ओशाळलो, पण चूक समजली असं मला वाटलं. पुढच्या सेशनला समुद्राच्या जागी केळीची बाग घातली. संध्याकाळची वेळ, गार सावली, ठिबकचा टप टप आवाज. दोन मिनिटांत त्यांचा जबडा आवळला, बोटं मांडीवर वाजायला लागली. नंतर विचारलं तेव्हा कळलं, मागच्या मे महिन्यात वादळात अर्धी बाग आडवी झाली होती, आणि रात्रीची लाइट आली की मोटार सुरू करायला उठायचं हेच झोपमोडीचं निम्मं कारण होतं. मी त्यांना नेमकं त्यांच्या काळजीतच नेऊन बसवलं होतं. 'स्थानिक' प्रतिमा घेतली म्हणजे झालं, हा माझा समज त्या दिवशी गेला.

मग सरळ विचारलं, "तुम्हाला न ठरवता डुलकी कुठं लागते?" ते हसले. "एस.टी.त. खिडकीची जागा मिळाली की सावद्याच्या आत डोळा लागतो." झालं. अवस्था खोल करायला स्क्रिप्टमध्ये एकेक करून उतरायच्या जिन्याच्या दहा पायऱ्या गेल्या आणि त्यांच्या जागी थांबे आले : रावेर, सावदा, फैजपूर, भुसावळ. प्रत्येक थांब्याला अंग थोडं अजून ढिलं. खिडकीची काच थरथरतेय, कंडक्टरने तिकीट दिलंय, आता आपल्याला काही करायचं नाही. फैजपूरच्या आतच त्यांची मान हळूच कलली.

तंत्र निवडणं म्हणतात ते बहुतेक वेळा एवढंच असतं. पण त्याआधी विचारपूस हवी, आणि ती घाईत उरकली की पुढचं सगळं बिघडतं.

विचारपूस आटोपती घेणे

फिट येतात का, कधी भास झाले का, आवाज ऐकू येतात का, मानसोपचारतज्ज्ञांचं औषध चालू आहे का, हे विचारल्याशिवाय डोळे मिटायला सांगू नका. भास किंवा भ्रम असणाऱ्या माणसावर संमोहनाचे प्रयोग नकोत, त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, छातीत दुखणं, अचानक घटलेलं वजन, यांना आधी डॉक्टर. शुगरचा पेशंट असेल तर जेवला आहे का ते बघा. शुगर उतरून घाम आणि थरथर सुरू झाली तर तुम्ही तिला 'ट्रान्सची', म्हणजे संमोहित अवस्थेची, खूण समजून बसाल.

आणि आपल्या कापसाच्या पट्ट्यात एक प्रश्न लाजून टाळू नका : "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर त्या दिवशी संमोहन बाजूला ठेवा, घरच्यांना सोबत घ्या, डॉक्टरांशी गाठ घालून द्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चिठ्ठीवर लिहून द्या.

सरसकट सगळ्यांना 'रिलॅक्स' करणे

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहतो. क्लायंट घाबराघुबरा असला की आपण लगेच म्हणतो, दीर्घ श्वास घ्या, अंग सैल सोडा. पण ज्याला पॅनिकचे झटके येतात त्याचं लक्ष आधीच श्वासावर आणि धडधडीवर असतं. तिकडेच अजून लक्ष द्यायला लावलं तर काहींचा जीव जास्त घाबरा होतो. अंग सैल पडणं म्हणजे ताबा सुटणं, असंही त्यांना वाटतं.

अशांना पहिल्या सेशनला डोळे उघडे ठेवू द्या. नजर भिंतीवरच्या एका ठिपक्यावर, पाय जमिनीला टेकलेले, कान बाहेरच्या आवाजावर. एप्रिल-मेमध्ये इथे पारा 44-45 ला जातो. कूलर बंद केला तर माणूस उकडून उठेल, चालू ठेवला तर घरघर. मी ती घरघरच वापरतो : "कूलरचा आवाज जितका सारखा येतोय, तितकं बाकीचं मागं पडतंय." नजर एका जागी ठेवण्याची पद्धत जुनीच आहे. जेम्स ब्रेड या स्कॉटिश सर्जनने 1840 च्या दशकात चकाकत्या वस्तूवर नजर रोखायला लावूनच काम केलं होतं. झोपेच्या ग्रीक देवावरून 'हिप्नॉटिझम' हे नाव त्याने रूढ केलं आणि नंतर ते बदलायचाही प्रयत्न केला, कारण ही झोप नव्हे हे त्याच्या लक्षात आलं होतं. नाव मात्र चिकटलं, आणि त्याचा त्रास आपण अजून भोगतोय.

कारण सेशन संपलं की क्लायंट म्हणतो, "सर, माले काहीच व्हयनं नही. तुमचं सगळं ऐकू येत होतं." ऐकू येणारच, हे आधी सांगायला हवं होतं. तुम्ही बेशुद्ध होणार नाही, मनाविरुद्ध काही बोलणार नाही, नको वाटलं तर डोळे उघडा. ही पाच मिनिटं वाचवली तर भगताकडची आणि स्टेजवरच्या शोची सगळी भीती घेऊन माणूस खुर्चीत बसतो.

पहिल्याच दिवशी परीक्षा घेणे

"आता तुमच्या पापण्या चिकटल्या, उघडून दाखवा." उघडल्या तर? क्लायंटचा विश्वास गेला आणि तुमचाही. माणूस संमोहनाला किती प्रतिसाद देतो हे मोजणाऱ्या, 1959 मध्ये आलेल्या स्टॅनफर्डच्या मापनश्रेणीत अशा चाचण्या आहेत, पण त्या मोजमापासाठी. ढोबळमानाने 10 ते 15 टक्के माणसं खूप खोल जातात, साधारण तेवढीच फारशी जात नाहीत, बाकीची मधली. मधल्यांबरोबर काम छान होतं, त्यांना नापास कशाला करायचं? झटका देऊन मान खाली पाडणारे जलद इंडक्शन (संमोहनात नेण्याची पद्धत) तर पहिल्या सेशनला नकोच. मानेचा स्पॉन्डिलायटिस खांद्यावर घेऊन फिरणारे कितीतरी जण आपल्याकडे येतात.

दुसऱ्याच सेशनला भूतकाळात नेणे

क्लायंटच मागतो : लहानपणात न्या, मागच्या जन्मात न्या. संमोहनात आठवलेलं खरं वाटतं, ठाम वाटतं, आणि तरीही चुकीचं असू शकतं. सूचक प्रश्नांनी न घडलेलंही 'आठवतं'. एकदा एका बाईंसोबत आलेल्या त्यांच्या जेठांनी (मोठ्या दिरांनी) मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, तिला झोपवून विचारा ना, करणी कोणी केली." मी साफ नाही म्हणालो. त्या अवस्थेत निघालेल्या एका नावाने दोन घरं कायमची तुटली असती. सुरुवातीला आधार वाढवणाऱ्या सूचना, सुरक्षित जागेची कल्पना आणि घरी करायचा दहा मिनिटांचा सराव पुरतो.

पुस्तकी भाषा

'आपले स्नायू शिथिल होत आहेत' म्हटलं की अमळनेरची आजी मनातल्या मनात विचारते, स्नायू म्हणजे कोणता? 'खांदे ढिले सोडा' म्हणा. तिने विचारपुशीत जो शब्द वापरला तोच सूचनेत घ्या. अहिराणी येत असेल तर छान, येत नसेल तर ओढूनताणून बोलू नका. नक्कल लगेच कळते आणि हसू येतं.

काही फसलं तर

रडू आलं तर थांबवू नका, कारण खोदू नका, शांतपणे सोबत राहा. त्रास वाढतोय असं दिसलं तर डोळे उघडायला लावा आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं विचारा. हसू आलं तर येऊ द्या. घोरायला लागला तर खरंच थकलाय, आवाज थोडा चढवा.

शेवटी पूर्ण जागं करणं विसरू नका. पाच आकडे मोजा, हातपाय ताणायला लावा, उभं करून दोन फेऱ्या मारायला सांगा, चहा पाजा. धरणगावहून मोटरसायकलवर आलेला माणूस असेल तर मी गप्पा मारत पंधरा मिनिटं बसवून ठेवतो आणि त्याच्याकडून किल्ली कुठे ठेवली ते वदवून घेतो. लगेच सांगता आलं नाही तर दुसरा चहा.