'अटॅक आला' म्हणजे नेमकं काय झालं? मेंदू आणि मनाच्या आजारांची नावं घेताना या चुका टाळा

सकाळी सातला दात घासताना शेजारच्या काकांच्या हातातून ब्रश गळून पडला. उजवा हात उचलेना, जीभ जड झाली. काकूंनी मुलाला फोन केला, "बाबांना अटॅक आलाय, लवकर ये." मुलाला वाटलं, हृदयाचा. त्याने त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी ठीक निघाला. हा पक्षाघात आहे हे डॉक्टरांनी ओळखलं, पण तिथे सीटी स्कॅनची सोय नव्हती. दुसऱ्या दवाखान्यात पोहोचून स्कॅन होईपर्यंत दुपारचा एक वाजला. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. काका आज डाव्या हाताने जेवतात.

'अटॅक' आणि 'झटका' हे शब्द आपण तीन वेगळ्या आजारांना सर्रास वापरतो. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूचं रक्त अडतं. पक्षाघातात मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. फिटमध्ये मेंदूतले विद्युत संदेश काही काळ बेताल होतात. घाबरलेल्या माणसाला हा फरक सुचणार नाही, म्हणून फोनवर आजाराचं नाव सांगूच नका, दिसतंय ते सांगा: "तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाही, बोलणं कळत नाही, सातला सुरू झालं." वेळ फार महत्त्वाची आहे. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल, तर माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ते सांगा. 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्याच रुग्णालयात न्या.

'तोंडावरून वारं गेलं' हेही असंच फसवं. चेहऱ्याच्या नसेला सूज येऊनही तोंड वाकडं होतं. त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. त्यात सहसा त्या बाजूच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत आणि डोळा पूर्ण मिटत नाही. हातपाय, बोलणं मात्र ठीक असतं. पण हा निवाडा घरी करू नका. पक्षाघात असेल तर तास मोलाचे, आणि बेल्स पाल्सीतही औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू व्हायला हवं. तेलाने चोळत बसलात तर दोन्हीकडून नुकसान.

एकदा फिट आली की घरात 'मिरगी' हा शब्द उच्चारला जातो आणि मुलीच्या लग्नापर्यंत तो लपवला जातो. तापात लहान मुलांना, साखर किंवा सोडियम उतरल्यावर मोठ्यांनाही फिट येते. तो अपस्मार, म्हणजे मिरगी, नव्हे. असं तात्कालिक कारण नसताना फिट पुन्हा आली, तर डॉक्टर सहसा अपस्मार म्हणतात, आणि तो बहुतेकांचा गोळ्यांनी आटोक्यात राहतो. फिट आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108.

स्किझोफ्रेनियाला आपण 'छिन्नमनस्कता' म्हणतो आणि एका देहात दोन माणसं अशी समजूत करून घेतो. मूळ नावातच ही अडचण आहे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 मध्ये 'दुभंगणं' आणि 'मन' या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून ते घडवलं. त्यांना अभिप्रेत होतं ते विचार, भावना, वागणं यांची आपसातली जुळणी तुटणं. अशा रुग्णाला इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात, कुणी मागावर असल्याची पक्की खात्री वाटते. त्याच्याशी वाद घालून ती खात्री मोडत नाही. उपचारांनी फरक पडतो, म्हणून मांत्रिकाकडे वर्षं घालवलेली घरं पाहिली की जीव तुटतो.

डिप्रेशनबद्दल एवढंच: परीक्षेनंतरची उदासी म्हणजे डिप्रेशन नव्हे. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर मन खिन्न राहिलं, कशातच रस वाटेना, झोप-भूक बिघडली, तर बोला. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

शेवटी 'म्हातारपणी विसरणारच' हे वाक्य. डिमेन्शिया हे लक्षणांच्या समूहाचं नाव, अल्झायमर हे त्याचं सगळ्यांत जास्त आढळणारं कारण. पण बी-12 ची कमतरता आणि मंदावलेला थायरॉइड यांनीही विसराळूपणा येतो, आणि ते साध्या रक्त तपासणीत कळतं. आजी महिन्याभरापूर्वी न्हाणीघरात पडल्या होत्या का, तेही डॉक्टरांना आठवणीने सांगा. कवटीच्या आत साकळलेलं रक्त काढल्यावर नातवंडांची नावं पुन्हा घेऊ लागलेली माणसं आहेत.