ड्रायव्हर बदलण्याआधी डिस्कला नाव द्या

बेळगावात अनगोळला आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका मराठीत आणि कानडीत, वास्तुशांतीची निमंत्रणं, गणपती मंडळांचे अहवाल. सगळ्या डिझाइनच्या फायली एकाच सर्व्हरवर. त्यावर फ्रीबीएसडी 13 ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. डिस्क जोडायला एलएसआय कंपनीच्या 2208 चिपचं कार्ड आणि जेबॉड मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक सुटी दिसेल अशा, चार डिस्क: एकीवर सिस्टीम, तिघींवर फायली, झेडएफएस या फाइल सिस्टीमवर.

गेल्या श्रावणात एक डिस्क टकटक करायला लागली. कोणती ते कळेना, कारण कार्ड एमएफआय ड्रायव्हरकडे (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे) होतं आणि डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्टसीटीएल ही आज्ञा डिस्कपर्यंत थेट पोचत नव्हती. त्याच कार्डाचा दुसरा ड्रायव्हर, एमआरएसएएस, डिस्क नेहमीच्या स्कझी (SCSI) डिस्कसारख्या समोर ठेवतो. म्हणून तो हवा होता.

आधी कार्ड कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. पीसीआयकॉन्फ ही आज्ञा डॅश एलव्ही लावून चालवा. ओळीच्या सुरुवातीला ॲटच्या खुणेआधी जे नाव दिसतं तोच ड्रायव्हर. तिथे ‘नन’ असेल तर कार्ड कुणीच घेतलेलं नाही.

माझी चूक इथे झाली. चतुर्थीला दोन दिवस होते, मी थेट लोडर डॉट कॉन्फ या बूटच्या सेटिंगच्या फायलीत ड्रायव्हर बदलायची ओळ घातली आणि मशीन रीबूट केलं. पडद्यावर माउंटरूटचा प्रॉम्प्ट, म्हणजे सिस्टीमचं मुख्य पार्टिशन (रूट) कुठे आहे हा प्रश्न, येऊन सगळं थांबलं. मंडळाची पोरं अहवालासाठी दारात उभी. झालं होतं एवढंच: जुन्या ड्रायव्हरखाली डिस्कचं नाव एमएफआयसिसपीडी0 होतं, नव्याखाली ते डीए0 झालं, आणि एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीच्या फायलीत, जुनंच लिहिलेलं. असं झालं तर घाबरू नका. प्रश्नचिन्ह टाइप करून एंटर दाबा, दिसणाऱ्या डिस्कची यादी येते. मग यूएफएस (रूटच्या फाइल सिस्टीमचं नाव), कोलन, आणि पुढे रूटच्या पार्टिशनचा नवा पत्ता. माझा डीए0पी2 होता. मशीन उठतं.

ही वेळच येऊ नये म्हणून हे आधी करा. पार्टिशन हाताळणाऱ्या जीपार्टच्या मॉडिफाय आज्ञेने रूट आणि स्वॅप (मेमरी अपुरी पडली की वापरायची जागा) दोन्ही पार्टिशनला लेबल, म्हणजे स्वतःचं नाव, द्या: डॅश आयपुढे पार्टिशनचा क्रमांक, डॅश एलपुढे लेबल, शेवटी डिस्कचं नाव. जीपार्ट शो डॅश एलने ताडून बघा. मग एफएसटॅबमध्ये डिस्कच्या नावाऐवजी डेव्हमधल्या जीपीटी फोल्डरखालचं लेबल लिहा आणि जुन्याच ड्रायव्हरवर एकदा रीबूट करा. स्वॅपची ओळ हमखास विसरते. झेडएफएसची काळजी नको, तो आपल्या डिस्क त्यांच्यावरच्या खुणेवरून ओळखतो.

आता नवा ड्रायव्हर, पण कायमचा नाही. बूटच्या मेनूतून एस्केप दाबून लोडरच्या प्रॉम्प्टवर या. ‘सेट’ लिहून पुढे एचडब्ल्यू डॉट एमएफआय डॉट एमआरएसएएस अंडरस्कोर एनेबल, बरोबरची खूण, 1. मग ‘बूट’. हे त्या एका बूटपुरतंच असतं. बिघडलं तर पॉवर बंद-चालू केली की जुनं परत. माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची पायरी हीच, आणि मी नेमकी तीच गाळली होती.

नीट चाललं तर तीच ओळ, ‘सेट’ वगळून आणि 1 दुहेरी अवतरणात घालून, लोडर डॉट कॉन्फमध्ये लिहा. कॅमकंट्रोल डेव्हलिस्ट या आज्ञेच्या यादीत आता चारही डिस्क दिसायला हव्यात.

मग स्मार्टसीटीएल डॅश ए, एकेका डिस्कवर. क्रमांक 5 आणि 197 या ओळींचे शेवटचे आकडे बघा: बदललेले सेक्टर आणि वाचायचे राहिलेले. माझ्या तीन डिस्कवर दोन्हीकडे शून्य होतं, डीए2 वर नव्हतं. ट्रे ओढण्याआधी स्मार्टसीटीएल डॅश आयने तिचा सीरियल नंबर कागदावर उतरवला आणि डिस्कवर चिकटवलेल्या कागदी लेबलवरच्या नंबराशी बॅटरीच्या उजेडात अक्षर न् अक्षर जुळवला. बाहेरून मोजत गेलो असतो तर भलतीच निघाली असती. कार्डाचा क्रम आणि ट्रेचा क्रम आमच्याकडे उलटा आहे.