जडत्व उणे आलं तर? रोबोट आर्मचे पॅरामीटर काढताना

सहा जॉइंटच्या आर्मचं डायनॅमिक मॉडेल (कोणत्या हालचालीला किती टॉर्क, म्हणजे फिरवणारं बळ, लागतं याचं गणित) काढायला मी पहिल्यांदा बसलो, तेव्हा तिसऱ्या लिंकचं (दोन जॉइंटमधल्या तुकड्याचं) जडत्व चक्क उणे आलं, जे शक्यच नाही. लीस्ट स्क्वेअर्सला, म्हणजे मोजमापांशी कमीत कमी चूक राहील असे आकडे बसवणाऱ्या रीतीला, भौतिकशास्त्राशी देणंघेणं नसतं. आता मी आधी एकट्या कोपराशी झटापट करतो, मग बाकीचं.

अर्धा तास आर्म नुसता हलवत ठेवा. थंड गिअरबॉक्समधलं ग्रीस घट्ट असतं. सकाळचं घर्षण दुपारी जुळत नाही. मग बाकीचे जॉइंट लॉक करून पुढचा हात अगदी सावकाश, एकाच वेगाने वर न्या आणि तसाच खाली आणा. बरोबर आडवा होतो तिथला टॉर्क दोन्ही वेळा टिपा. टॉर्क म्हणजे करंट गुणिले मोटरचा टॉर्क स्थिरांक गुणिले गिअर रेशो. मला वर जाताना ३१ आणि खाली येताना १९ न्यूटन-मीटर मिळाले. सरासरी २५, ती गुरुत्वाकर्षणाची. फरकाचा निम्मा ६, तो घर्षणाचा. २५ ला ९.८१ ने भागलं की साधारण २.५५ किलोग्राम-मीटर (किलोमीटर नव्हे!). हा वस्तुमान आणि गुरुत्वमध्याच्या अंतराचा गुणाकार. ८.५ किलो ०.३ मीटरवर आहे की ५.१ किलो अर्ध्या मीटरवर, हे या प्रयोगातून कळणार नाही. गुरुत्वाकर्षण पेलायला कंट्रोलरलाही ते लागत नाही.

माझं नेमकं इथेच चुकलं होतं. प्रत्येक लिंकचे दहा पॅरामीटर: वस्तुमान, गुरुत्वमध्याचे तीन, जडत्वाचे सहा. म्हणजे एकूण ६०, आणि मी साठही काढायला निघालो होतो. जुन्या प्यूमा ५६० या सहा जॉइंटच्या रोबोट आर्ममध्ये त्यांचे स्वतंत्र गट फक्त ३६ पडतात. पहिला लिंक उभ्या अक्षाभोवतीच फिरतो, त्याचं वजन कुठल्याच मोटरला जाणवत नाही. टॉर्क आणि पॅरामीटर यांना जोडणाऱ्या मॅट्रिक्समध्ये प्रत्येक पॅरामीटरचा एक कॉलम असतो. न जाणवणाऱ्यांचे कॉलम आधीच काढून टाका, एकमेकांवर अवलंबून असलेले एकत्र करा. मोटरच्या रोटरचं (आतल्या फिरणाऱ्या भागाचं) जडत्व मात्र सोडू नका. रेशो १०० असेल तर ते जॉइंटवर त्याच्या वर्गाएवढं, म्हणजे दहा हजार पट दिसतं.

आता सगळे जॉइंट एकदम हलवा. फूरिए मालिकेची (साइन-कोसाइन लहरींच्या बेरजेची), दहा सेकंदांत पुन्हा सुरुवातीला येणारी, पाच हार्मोनिकची, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पाच पटींपर्यंतच्या लहरींची हालचाल घ्या. ती अशी निवडा की मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर (मोजमापातली चूक उत्तरात किती फुगू शकते याचं माप) शंभराच्या आत राहील. वीस फेऱ्या करा, पहिली टाका, उरलेल्यांची सरासरी घ्या. एन्कोडरचे (जॉइंटचा कोन मोजणाऱ्या सेन्सरचे) आकडे दोनदा डिफरन्शिएट केलेत तर नुसता गोंगाट हाती येईल. त्याऐवजी सरासरीवर तीच मालिका बसवून वेग आणि त्वरण कागदावरच काढा. वेग शून्याजवळ असतानाचे नमुने फेकून द्या, तिथे घर्षणाचं चिन्ह भरवशाचं नसतं. उरलेल्यांवर लीस्ट स्क्वेअर्स चालवा.

मॉडेल तपासायला वेगळीच हालचाल घ्या. मी ग्रिपरला २ किलोचं वजनही बांधतो आणि फक्त तेवढ्याचं वस्तुमान काढायला लावतो. परवा १.९४ आलं, उरलेले साठ ग्रॅम बहुधा मनगटाच्या घर्षणात लपलेत.