एआयकडून प्रेस नोट लिहून घेताय? आधी त्याला कच्ची माहिती द्या

मंडळ, शाळा, बचतगट, वाचनालय, छोटा दवाखाना, कुठलंही असो, "बातमी तेवढी तू पाठव गं" असं म्हणून प्रेस नोटचं काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याच्यासाठी हे लिहितेय. आमच्या मंडळाच्या रक्तदान शिबिराच्या बातम्या बरीच वर्षं मीच पाठवते आणि आता त्यात एआयची मदत घेते. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड, जे फोनमध्ये असेल ते घ्या, ॲप कुठलं यापेक्षा तुम्ही त्यात काय टाकता यानेच फरक पडतो.

बहुतेक जण काय करतात, तर ॲप उघडून "आमच्या मंडळाच्या रक्तदान शिबिराची प्रेस नोट लिहून दे" एवढं टाकतात आणि दहा सेकंदात एक गुळगुळीत पान हातात येतं. सामाजिक बांधिलकी जपत, भव्य आयोजन, नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद, रक्तदान हेच श्रेष्ठदान, सगळं असतं त्यात, फक्त बातमी नसते. कारण ती त्याला माहीतच नाही, ती तुमच्या डोक्यात आहे. आणि जागा रिकामी दिसली की ते स्वतःच्या मनाने भरतं, आकडासुद्धा टाकून देतं, तो जास्त धोक्याचा प्रकार.

आता ही नोट कोण वाचतं ते बघा. वाचक नंतर. आधी तालुक्याचा वार्ताहर, आणि त्याने पुढे पाठवली की जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवरचा उपसंपादक. संध्याकाळची वेळ, समोर अशा नोटांचा ढीग, पान लावायला घेतलेलं आणि ऐनवेळी जाहिरात आली की बातमी खालून कापायची. म्हणून वर्तमानपत्राची बातमी उलट्या पिरॅमिडसारखी असते, सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात वर. आपल्या नोटा बरोब्बर उलट्या असतात, वर दीपप्रज्वलन आणि कुणाच्या शुभहस्ते उद्घाटन झालं ते, आणि किती जणांनी रक्त दिलं ते खाली, आभारांच्या जरा वर. तेच आधी कापलं जातं. एआयने पण अशाच नोटा वाचलेल्या असणार, त्यामुळे मोकळं सोडलं की तेही त्याच वळणावर जातं.

प्रेस रिलीजची, म्हणजे आपल्या प्रेस नोटची, सुरुवात साधारण १९०६ ची धरतात. अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पुलावरून रेल्वे पाण्यात कोसळली आणि आयव्ही ली नावाच्या माणसाने रेल्वे कंपनीच्या वतीने काय घडलं ते लिहून पत्रकारांच्या हातात दिलं. म्हणजे मुळात ही वस्तू माहिती देण्यासाठी जन्मली. ते धरून राहिलात तर एआय फार कामाचं आहे.

तर पहिलं काम, कच्ची माहिती. मी शिबिर संपल्या संपल्या, रक्तपेढीवाले खाटा आवरत असतात तेव्हाच, फोनवर बोलून टाइप करते, शुद्धलेखन बघत नाही, क्रम बघत नाही. समजा असं काहीतरी (आकडे उदाहरणापुरते घेतलेत):

"१४ जून, जागतिक रक्तदाता दिन, शाळेचा हॉल, सकाळी ८ ते दुपारी २. नोंदणी १४३. रक्त दिलं ११७ जणांनी. २६ जण परत. त्यातल्या १९ बायका. बहुतेकींचं हिमोग्लोबिन कमी. पहिल्यांदा देणारे ४१. पाऊस होता तरी आले. परत गेलेल्या बायकांची तपासणी मंडळ करून देणार असं ठरलं."

हे टाकायचं, पण बातमी लिही म्हणायचं नाही अजून. मी असं लिहिते: "खाली एका शिबिराची कच्ची माहिती आहे. तू जिल्हा आवृत्तीचा उपसंपादक आहेस असं समज. अजून बातमी लिहू नकोस. यात वाचकाला नवीन काय वाटेल ते सांग, काय अपुरं आहे ते सांग, आणि तुला पडणारे प्रश्न मला विचार."

माझ्या मते एआयचा सगळ्यात मोठा उपयोग इथेच आहे, लिहिण्यात नाही. ते विचारतं, १९ पैकी नेमक्या किती जणी हिमोग्लोबिनमुळे परत गेल्या? किती असावं लागतं? रक्त कुठल्या रक्तपेढीला गेलं? तपासणी कधी, कुठे, फुकट की कसं? दर वर्षी एवढ्याच परत जातात का? आपण दिवसभर तिथे उभे असतो म्हणून हे प्रश्न आपल्याला पडत नाहीत, बाहेरच्याला पडतात. मग रक्तपेढीच्या ताईंना फोन लावायचा, रजिस्टर उघडायचं, आणि समजा कळलं की १९ पैकी १६ जणी, तर ते लिहायचं. उत्तर मिळालं नाही तर तो मुद्दा गाळायचा, अंदाजे काही नको.

आणि इथेच लक्षात येतं की बातमी कुठली आहे. ११७ जणांनी रक्त दिलं ही चांगली गोष्ट आहे, पण रक्त द्यायची इच्छा असून १६ बायकांना परत जावं लागलं, ही गावाने वाचायची बातमी आहे. हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमच्या खाली असलं की रक्त घेत नाहीत, आणि घरातलं सगळं उरकून, पावसात येऊन, रांगेत बोट टोचून घेऊन "ताई, यावेळी नाही घेता येणार" ऐकून परत जाणारी बाई मी प्रत्येक शिबिरात बघते, म्हणून हे मला जास्त लागतं. एआयने ही गोष्ट पाचव्या मुद्द्यावर ठेवली असेल तरी तुम्ही वर आणा, कुठली बातमी मोठी हे आपणच ठरवायचं. परत गेलेल्या बायकांची नावं मात्र नाहीत द्यायची, फोटोतही त्या नकोत.

दोन सुरुवाती शेजारी ठेवून बघा. पहिली, नेहमीची: "जागतिक रक्तदाता दिनाचे औचित्य साधून मंडळाच्या वतीने भव्य रक्तदान शिबिराचे आयोजन करण्यात आले होते." दुसरी: "रक्तदानासाठी आलेल्या १६ महिलांना हिमोग्लोबिन कमी भरल्याने रक्त न देताच परतावे लागले. या महिलांची पुढील तपासणी मंडळ मोफत करून देणार आहे. शिबिरात ११७ जणांनी रक्तदान केले." दुसरी खालून कितीही कापा, काम झालेलं आहे.

मग लिहायला सांगायचं, पण अटी घालून. माझ्या अटी साधारण अशा: "१८० शब्दांच्या आत बातमी लिही. फक्त मी दिलेली माहिती वापर. जे दिलेलं नाही तिथे 'माहिती हवी' असं लिहून जागा सोड. भव्य, उत्स्फूर्त, औचित्य, बांधिलकी, मान्यवर हे शब्द नकोत. कुणाच्याही तोंडी वाक्य घालू नकोस. वाक्यं छोटी, वर्तमानपत्राची प्रमाण मराठी. शेवटचे दोन परिच्छेद काढले तरी बातमी पुरी वाटली पाहिजे." आणि त्याखाली ज्या पेपरला पाठवायचं त्यात छापून आलेल्या दोन-तीन छोट्या बातम्या नमुना म्हणून चिकटवायच्या. कुणी "ता. १५" लिहितं कुणी "दि. १५", गावाचं नाव आधी की नंतर, एकेका पेपरची पद्धत असते, नमुना बघून एआय ती बऱ्यापैकी उचलतं.

तोंडी वाक्य घालू नकोस ही अट मी एका प्रसंगानंतर घालायला लागले. एका वर्षी घाईत पहिला मसुदा तसाच पाठवला आणि त्यात आमच्या अध्यक्षांच्या नावावर, तरुणाईने व्यसनांपासून दूर राहून समाजकार्यात पुढे यावे, असं वाक्य होतं. छापून आलं. अध्यक्ष शांत माणूस, त्यांनी कात्रण पुढे ठेवून एवढंच विचारलं की मी हे कधी बोललो? ते त्या दिवशी भाषणाला उभेच राहिले नव्हते. वाक्य वाईट नव्हतं, पण ते त्यांचं नव्हतं, आणि एखाद्याच्या नावावर न बोललेलं छापणं ही खोटी बातमीच. त्यानंतर मी कार्यक्रमातच दोघा-तिघांना विचारून फोनवर रेकॉर्ड करते, नंतर वाक्य त्यांना वाचून दाखवते, हो म्हणाले की नोटमध्ये हाताने टाकते आणि एआयला सांगते की अवतरण चिन्हातल्या शब्दाला हात लावू नकोस.

माहितीच्या चुका पकडायला जरा जास्त वेळ ठेवा. रक्तदानाच्या नियमांचंच बघा. बातमीशेजारी द्यायची नियमांची छोटी चौकट एआयलाच स्वतःच्या माहितीवरून करायला सांगितली तर ते कधी कधी लिहितं की दर ५६ दिवसांनी रक्त देता येतं. हा अमेरिकेतला नियम आहे, त्याचं बरंचसं वाचन तिकडचं असतं म्हणून तिकडचं येतं. आपल्याकडे पुरुषांना तीन महिन्यांनी आणि महिलांना चार महिन्यांनी, वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो. वाक्य इतक्या ठामपणे लिहिलेलं असतं की आपल्याला शंकाच येत नाही. "एका रक्तदानाने तीन जीव वाचतात" हे पण ते हमखास टाकतं. पिशवीतल्या रक्ताच्या लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगळ्या केल्या तर ते तीन रुग्णांपर्यंत वापरता येतं एवढा त्याचा अर्थ, आणि घटक वेगळे करायची सोय प्रत्येक रक्तपेढीत नसते, म्हणून आधी विचारा मग लिहा. तुम्ही न दिलेली प्रत्येक ओळ शोधायची आणि जाणकाराला दाखवायची, नाहीतर काढून टाकायची.

भाषेचं सांगायचं तर मसुदा एकदा मोठ्याने वाचा, घरात कुणाला तरी ऐकवा. "आम्हाला कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे", "महत्त्वपूर्ण भूमिका बजावली", "च्या माध्यमातून", "सोबतच" अशी इंग्रजी-हिंदी वळणं लगेच कानाला खटकतात. तिथे आपण गावात कसं सांगू ते आठवा आणि तेच जरा नीट करून लिहा.

नावं हा वेगळाच विषय. एआयला विचारलं तर ते म्हणेल नावांची यादी काढून टाका, वाचकाला त्यात रस नाही. मी हे मानत नाही. स्थानिक पेपर लोक नावासाठी पण घेतात, ज्याने सकाळी सातला येऊन खुर्च्या लावल्या त्याचं नाव छापून आलं तर तो कात्रण जपून ठेवतो. यादी ठेवा, पण शेवटच्या परिच्छेदात, आणि ती एआयमधून नेऊ नका. म्हेत्रे टाकलं की मेहेत्रे होऊन येतं आणि माणूस दुखावतो. नावं सगळ्यात शेवटी हाताने टाकायची आणि अक्षर न् अक्षर ताडायचं. रक्तदात्यांची मोबाईल नंबर असलेली यादी, रक्तगट, कुणाला का परत पाठवलं ही माहिती तर ॲपमध्ये टाकूच नका, ती त्या माणसाची खाजगी गोष्ट आहे.

मथळे आठ-दहा मागा, पाच-सहा शब्दांचे, त्यातला एक निवडा, डेस्क तो बदलणारच पण आपल्यालाही बातमी एका ओळीत सांगता येते का ते कळतं.

पाठवताना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर नेहमी टाइप करतो त्या मराठीत, मेलच्या आत किंवा व्हॉट्सॲपवर सरळ मेसेज म्हणून. पीडीएफ नको, लेटरहेडचा फोटो तर नकोच, डेस्कवरच्या माणसाला ते सगळं परत टाइप करावं लागतं आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे तो दबून खराब होत नाही, एकच पण चांगला, आणि खाली फोटोओळ, डावीकडून कोण कोण. हार घातलेल्यांच्या रांगेपेक्षा रक्त देणाऱ्या एखाद्या मुलीचा हसरा फोटो, तिला विचारून, कधीही चांगला. त्याच दिवशी दुपारी चार-पाचच्या आत गेलं पाहिजे. खाली तुमचं नाव आणि नंबर, आणि वार्ताहराचा फोन आला तर उचला.

अजून एक काम बातमी छापून आल्यावर करायचं. छापलेला मजकूर टाइप करा, किंवा फोटो काढून एआयला वाचायला द्या, सोबत तुम्ही पाठवलेला मूळ मजकूर द्या आणि विचारा की डेस्कने काय ठेवलं, काय कापलं, काय बदललं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पहिली तीन वाक्यं जशीच्या तशी होती, नावं होती, आणि मंडळाच्या कार्याची माहिती म्हणून घातलेला अख्खा परिच्छेद गायब होता. पुढच्या वर्षीच्या नोटेत तो मी घातलाच नाही, त्या जागी परत गेलेल्या बायकांपैकी तपासणीला किती आल्या तो आकडा टाकला.