गल्लीतलं काम अडतं कुठे, फसतं कुठे: नगरपरिषदेकडे मागणी करताना या चुका टाळा

छोट्या शहरांत दोन तक्रारी कायम कानावर येतात. आमच्या गल्लीत कामच होत नाही, ही एक. काम झालं आणि त्रास वाढला, ही दुसरी. काँक्रीटचा नवा कोरा रस्ता होतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी उंबरा ओलांडतं. गटार बांधून होतं, पण पाणी जागचं हलत नाही. दोन्ही तक्रारींच्या मुळाशी गेलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते. काम कागदावर ठरत होतं तेव्हा गल्लीतलं कुणीही तिथे नव्हतं. जेसीबी दारात आल्यावर आपण चौकशी करतो, पण तोवर मोजमाप, अंदाजपत्रक, निधी सगळं ठरून गेलेलं असतं.

इथे बोलायचं आहे ते महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींबद्दल. ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत. म्हणजे वीस हजारांच्या किंवा ऐंशी हजारांच्या गावात जवळचं वॉर्ड ऑफिस नावाची गोष्टच नसते. एक इमारत, एक मुख्याधिकारी, बांधकाम विभागात एखाद-दुसरा अभियंता, आणि सगळ्या गावाचे अर्ज त्यांच्याच टेबलावर. आपला अर्ज जितका नेमका, तितकी त्याला वाट मिळण्याची शक्यता जास्त.

नुसता ‘रस्ता करून द्या’ म्हणणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा थांबतो.

अर्जात ‘आमच्या गल्लीत काँक्रीट रस्ता करून मिळावा’ एवढंच लिहिलं, तर अंदाजपत्रकातही तेवढंच येतं. जुना थर तसाच ठेवून त्यावर पाच-सहा इंच काँक्रीट ओतलं जातं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. दोन-तीन खेपांत रस्ता घरांच्या जोत्याच्या वर जातो आणि गल्लीतलं प्रत्येक घर खड्ड्यात बसतं. मग लोक दारात विटांचा बंधारा घालतात, म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर पडताना पायरी चढावी लागते. ही पातळी एकदा वाढली की ती खाली आणायला पुन्हा कुणी निधी देत नाही.

म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: जुना थर खोदून काढावा आणि रस्त्याची तयार पातळी घरांच्या जोत्यापेक्षा खालीच राहावी. अंदाजपत्रकात खोदाईची बाब धरलेली आहे का, हे अभियंत्याला विचारा. ती बाब नसेल तर ठेकेदार खोदणार नाही, कारण त्याचे पैसे त्याला मिळणार नाहीत.

गटाराचंही तसंच. गटार किती खोल आहे यापेक्षा त्याचा ढाळ कुठे जातो आणि ते जिथे सुटतं त्या नाल्याचं तोंड किती उंचीवर आहे, हे महत्त्वाचं. हे तपासायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घ्या, तिच्यात पाणी भरा, एक टोक गल्लीच्या वरच्या घरापाशी धरा आणि दुसरं खाली. पाण्याची रेघ दोन्हीकडे सारख्याच उंचीला थांबते. प्रत्येक ठिकाणी त्या रेघेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजलं की दोन जागांमधला चढउतार कळतो. गल्ली लांब असेल तर टप्प्याटप्प्याने मोजत नाल्यापर्यंत जा. घरोघरच्या जोत्यांची आणि नाल्याच्या तोंडाची उंची एका कागदावर मांडून अर्जाला जोडली, तर अभियंत्याशी बोलणं एकदम वेगळ्या पातळीवर सुरू होतं. तक्रार घेऊन आलेला माणूस आणि मोजमाप घेऊन आलेला माणूस यांना मिळणारी वागणूक सारखी नसते.

तिसरी गोष्ट कामाच्या क्रमाची. आधी पाण्याची पाइपलाइन आणि घरोघरची नळजोडणी, मग गटार किंवा भुयारी गटार योजनेची लाइन, आणि शेवटी रस्ता. गावात पाणीपुरवठ्याची किंवा भुयारी गटाराची योजना मंजूर असेल तर रस्त्याची घाई करू नका. नाहीतर वर्षाच्या आत तोच रस्ता मधोमध फोडला जातो आणि चर नीट बुजवायला कुणाला वेळ नसतो. घाई करावीच लागली, तर रस्त्याखालून काही अंतरावर आडवे रिकामे पाइप टाकून घ्या. उद्या नवी नळजोडणी किंवा केबल त्यातून नेता येते.

आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट मागू नका. झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी राहू द्या. ती झाकली की झाड हळूहळू मरतं आणि पावसाचं पाणी मुरायची उरलीसुरली जागाही जाते.

गतिरोधकाबद्दल थोडक्यात: इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो साधारण ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, घुमटीसारख्या आकाराचा असतो. वीतभर रुंदीचा ताठ उंचवटा म्हणजे गरोदर बाईला, पाठीचा त्रास असलेल्याला आणि रात्रीच्या दुचाकीस्वाराला शिक्षा आहे. मागायचाच तर मानकाप्रमाणे मागा, पांढऱ्या पट्ट्यांसह आणि आधी सूचना फलकासह.

पावसाळ्यात अर्ज, मार्चमध्ये पाठपुरावा

खड्डे पावसाळ्यात दिसतात म्हणून अर्जही पावसाळ्यात येतात. पण आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि नगरपरिषदेचा अर्थसंकल्प त्याआधीच्या हिवाळ्यात घडतो. तुमच्या गल्लीचं नाव त्यात यायचं असेल तर दिवाळी झाली की अर्ज आत गेला पाहिजे. जूनमधल्या अर्जाला ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर मिळतं आणि पुढच्या वर्षी तो अर्ज कुणाला आठवत नाही.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या, प्रती नगराध्यक्षांना आणि प्रभागातल्या नगरसेवकांना. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी आश्वासनाला दप्तरात जागा नाही. त्यानंतर विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आला का ते पाहा, आणि ठराव झाला की त्याचा क्रमांक व तारीख लिहून ठेवा. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, या प्रत्येक पायरीवर हाच ठराव क्रमांक सांगून विचारता येतं.

जागा कुणाची, हे न पाहता मागणी

शहराच्या कडेला प्लॉटिंग पडलेल्या नव्या वसाहतींत हे फार होतं. वीस वर्षं घरपट्टी भरणारी माणसं रस्ता मागतात आणि उत्तर मिळतं, ‘तुमचा रस्ता नगरपरिषदेकडे हस्तांतरित झालेला नाही’. लोकांना ती टोलवाटोलवी वाटते. कधी असतेही. पण रस्ता सात-बाऱ्यावर अजून मूळ मालकाच्याच नावावर असेल, तर त्यावर सरकारी पैसा खर्च करायला अधिकारी घाबरतो, लेखापरीक्षणात ते अंगाशी येतं. आधी मंजूर लेआउटची, म्हणजे प्लॉट पाडल्याच्या नकाशाची, प्रत काढा आणि त्याशेजारी सात-बारा किंवा मिळकत पत्रिका ठेवून पाहा. पहिली मागणी हस्तांतरणाची, दुसरी रस्त्याची.

लेआउटमधल्या खुल्या जागेकडेही लक्ष ठेवा. ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती तिथल्या मुलांची खेळायची जागा आहे. बाग मागण्याआधी ती जागा नकाशाप्रमाणे पूर्ण शिल्लक आहे का, हे टेप लावून मोजा.

‘निधी नाही’ ऐकून परत येणं

निधी एकाच तिजोरीत नसतो, त्याचे बरेच कप्पे असतात आणि एका कप्प्यातला पैसा दुसऱ्यात वापरता येत नाही. १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी अशा शहरांना जे अनुदान ठरवलं, त्यातलं ६० टक्के बंधित होतं: निम्मं पिण्याच्या पाण्याशी, निम्मं स्वच्छता आणि घनकचऱ्याशी बांधलेलं. सभामंडपासाठी ते मिळणार नव्हतं, पण गळकी पाइपलाइन बदलायला मिळू शकत होतं. जिल्हास्तर नगरोत्थान या राज्य योजनेचा निधी जिल्हा नियोजन समितीमार्गे येतो. आमदार निधी वेगळा, नगरपरिषदेचं स्वतःचं उत्पन्न वेगळं.

म्हणून ‘निधी नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न विचारा: कोणत्या लेखाशीर्षात, म्हणजे कोणत्या कप्प्यात, नाही? आणि हे काम कोणत्या शीर्षात बसवता येईल? हे विचारणारा नागरिक समोर आला की बऱ्याचदा वाट निघते.

दलित वस्ती सुधारणेचा निधी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तो त्या वस्तीच्या हक्काचा पैसा आहे. नावाला वस्ती दाखवून पैसा भलत्याच रस्त्यावर खर्च झाला, तर तो सरळ अन्याय आहे. वस्तीतल्या तरुणांनी कामांची यादी दरवर्षी मागून घ्यावी आणि प्रत्येक काम प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावं.

कचराकुंडी आणि टाकी

कोपऱ्यावर कुंडी मागितली की त्या कोपऱ्यावरच उकिरडा होतो. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिली आलेली शहरं पाहा: २०२०ला कराड, २०२१ला विटा, २०२२ला पाचगणी, २०२३ला सासवड. सगळी आपल्या शेजारची, आपल्याच कायद्याखाली चालणारी. वेंगुर्ल्याने तर कचरा डेपोच्या जागेवर ओल्यापासून बायोगॅस आणि खत केलं, प्लॅस्टिक रस्त्याच्या कामात वापरलं आणि ती जागा लोक पाहायला येतील अशी केली. तेव्हा कुंडी मागण्यापेक्षा ठरलेल्या वेळी दारात येणारी, ओला-सुका वेगळा घेणारी घंटागाडी मागा आणि घरात कचरा वेगळा करायची तयारीही ठेवा.

पाण्याबाबतही हेच. पाणी कमी दाबाने येतं म्हणून नवी टाकी मागितली जाते, पण गळती आणि मोटारी लावून ओढलेलं पाणी यांचा हिशोब कुणी मागत नाही. कराडला लागून असलेल्या मलकापूरने नळांना मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. मीटर म्हटलं की लोक बिचकतात, हे ठाऊक आहे. तरीही टाकीच्या आधी मीटरचाच विचार व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

विकास आराखड्याची नोटीस न वाचणं

गल्लीतला रस्ता पाच-दहा वर्षांचा, विकास आराखडा वीस वर्षांचा. शाळा, मैदान, भाजी मंडई, दवाखाना कुठे होणार हे त्यात ठरतं. १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. ज्यांच्या जमिनीवर अशा सार्वजनिक सोयीसाठी आरक्षण पडतं ते धावत जातात. ज्यांना मैदान मिळणार असतं ते मात्र जात नाहीत, आणि तिथेच मैदान हातचं जातं.

जमीनमालकाची हरकत असते, तसं तुमचं समर्थनही लेखी जाऊ द्या. आरक्षण क्रमांक, गट किंवा सर्व्हे नंबर लिहा, हे आरक्षण इथेच का हवं ते दोन वाक्यांत सांगा आणि सुनावणीला बोलवा असं नमूद करा. सगळ्यांनी एकच छापील मजकूर देण्यापेक्षा प्रत्येक घराने आपल्या शब्दांत लिहिलेलं जास्त उपयोगी पडतं.

आराखडा मंजूर झाला म्हणजे मैदान झालं, असंही नाही. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. आपल्या भागातल्या आरक्षणांची यादी आणि ही १० वर्षं कधी संपतात ती तारीख एखाद्याने वहीत लिहून ठेवावी आणि त्याआधी दोन-तीन वर्षं भूसंपादनाच्या तरतुदीसाठी अर्ज सुरू करावेत.

भूमिपूजनानंतर पाठ फिरवणं

काम सुरू झालं की अंदाजपत्रकाची प्रत हातात ठेवा. काँक्रीटची जाडी किती, गटाराची रुंदी किती, हे त्यात असतं. ओतण्याआधी कडेला लावलेल्या साच्याच्या फळ्यांची उंची मोजायला दोन मिनिटं लागतात. ओतल्यावर खरा प्रश्न पाणी मारण्याचा. काँक्रीट रस्ता साधारण दोन आठवडे ओला राहायला हवा, आणि नेमका हाच भाग बुडवला जातो. गल्लीतल्या घरांनी आळीपाळीने गोणपाटावर पाणी मारलं तरी चालेल, पण ती जबाबदारी ठेकेदाराची आहे हे लेखी कळवून मगच.

अडलंच तर

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे तो एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो. ‘सर्व कामांची सर्व माहिती’ मागू नका. एका कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची नक्कल आणि देयक एवढं मागा. चालू कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने मागायचा हक्कही याच कायद्यात आहे. शिवाय २०१८च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात स्थानिक संस्थांचे अभिलेख पाहता येतात. अर्ज न करताही बरंच काही तिथेच कळतं.

ठरावच लोकहिताविरुद्ध वाटला, तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती देऊ शकतात. अर्ज त्यांच्या कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेत द्यायचा. जुनी, उत्तर न मिळालेली तक्रार जिल्ह्याच्या लोकशाही दिनात, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, मांडता येते.

काम पूर्ण झाल्यावर दोषदायित्व कालावधी किती आहे हे करारनाम्यात पाहून घ्या. त्या काळात रस्त्याला तडे गेले किंवा गटार खचलं तर दुरुस्ती ठेकेदारानेच स्वतःच्या खर्चाने करायची असते, आणि त्याची अनामत रक्कम तोवर नगरपरिषदेकडेच असते. दर पावसाळ्यानंतर तारखेसह फोटो काढा आणि कालावधी संपायच्या दोन महिने आधी उरलेल्या दोषांची यादी आवक क्रमांक घेऊन देऊन या.